गरोदर बाईच्या हिरड्याही बघा

महोदय,

लेक पाचव्या महिन्यात माहेरी यावलला आली, तेव्हा तिच्या वरच्या हिरडीवर दोन दातांच्या मधोमध लालभडक गाठ होती, बोराएवढी. कळण्याची भाकरी चावली की रक्त. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘ब्रश लावू नको वं माय.’ एकाने तर थेट कॅन्सरचं नाव काढलं. दोन रात्री घरात कुणाला झोप नाही.

जळगावच्या दंतवैद्यांनी सांगितलं, ही गरोदरपणातली साधी गाठ. संप्रेरकं वाढलेली असतात, त्यात दातांवर कीटण साचलं की हिरडी फुगते. पुष्कळदा बाळंतपणानंतर आपोआप ओसरते, म्हणून काढायची घाई करत नाहीत. पण हिला जेवताच येईना. मग तेवढी जागा बधिर करून डायोड लेझरने काढली. लेझर कापता कापताच रक्तवाहिन्या बंद करतो, त्यामुळे रक्त फार गेलं नाही, टाकेही पडले नाहीत. अशा कामाला चौथा ते सहावा महिना बरा. तुकडा तपासणीला पाठवला, साधाच निघाला. गाठ पुन्हा येऊ शकते, म्हणून ब्रश बंद नाही, उलट नीट करायचा. (काकूंना हे अजून पटलेलं नाही.)

तक्रार एवढीच, की त्याआधी तीनदा ती तपासणीला गेली होती. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन सगळं पाहिलं. तोंड उघडायला कुणी सांगितलं नाही. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला तपासणी होतेच. त्याच वेळी हिरड्यांवर एकदा टॉर्च मारायला कितीसा वेळ लागतो?

– एक वाचक, यावल (जि. जळगाव)