साल्वादोरच्या ढोलांविषयी मित्रास पत्र

पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

ब्राझीलच्या संगीताचा पाया पोर्तुगीज असून आफ्रिकेने त्याला केवळ ठेका पुरवला, असे तू मागच्या पत्रात लिहिले आहेस. भाषा आणि गिटार पोर्तुगीजांकडून आली, हे मान्य. पण पाया कोणाचा, हे पाहायचे तर बाईया राज्यातल्या साल्वादोर शहरात गेले पाहिजे.

सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसांना गुलाम करून ब्राझीलमध्ये उतरवण्यात आले. १८८८ साली कायद्याने मुक्तता होईपर्यंत, आणि त्यानंतरही, त्यांनी आपले देव सांभाळले, आणि देवांबरोबर त्यांचे तालही. कांदोम्ब्ले या उपासनेत प्रत्येक ओरिशाचे, म्हणजे देवतेचे, ताल ठरलेले असतात. तू ताशा वाजवतोस, त्यामुळे तिथली मांडणी तुला चटकन उमगेल. आपल्याकडे ढोल ठेका धरतो आणि ताशा त्यावर नक्षी काढतो. तिथे नेमके उलटे घडते. रुम, रुंपी आणि ले या तीन ढोलांपैकी धाकटे दोन लोखंडी घंटेसोबत एकच बोल अखंड वाजवत राहतात, आणि सर्वांत मोठा, खर्जातला रुम मात्र अंगात आलेल्या नर्तकाशी बोलत, त्याची पावले वळवत मोकळा फिरतो. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांच्या परंपरेच्या देवस्थानांत बहुतेक ताल बारीक काठ्यांनी वाजतात, अंगोला परंपरेत हातांनी. एवढ्या शिस्तीच्या या विद्येला बाईयात १९७६पर्यंत पोलिसांची परवानगी काढावी लागे, याचा मला आजही संताप येतो.

कांदोम्ब्लेच्या तालांतला इजेशा हा संथ, डुलता ताल रस्त्यावर आला तो अफोशे, म्हणजे उपासनेतले संगीत कार्निव्हलच्या मिरवणुकीत नेणाऱ्या, पथकांमुळे. १९४९ साली, गांधीजींच्या हत्येनंतर वर्षभराने, साल्वादोरच्या गोदी कामगारांनी असेच एक पथक काढले आणि त्याला नाव दिले ‘फिल्योस दि गांधी’, म्हणजे गांधींचे पुत्र. पांढरा वेश, टॉवेलचा फेटा, गळ्यात निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा आणि ओठांवर ओरिशांची गाणी, अशी ही मंडळी कार्निव्हलला निघतात. १९७०च्या दशकात हे पथक मोडकळीला आले असताना जिल्बेर्तो जिल हा नामवंत गायक त्यात सामील झाला आणि त्याने त्यावर गाणेही रचले. पुढे तोच देशाचा सांस्कृतिक मंत्री झाला. १९७४ साली ‘इले अइये’ आणि १९७९ साली ‘ओलोदुम’ ही कृष्णवर्णीयांची पथके उभी राहिली, आणि साल्वादोरचे रस्ते ढोलांनी भरून गेले.

आता इजेशा ऐकशील तेव्हा गाण्याकडे लगेच जाऊ नकोस. आधी अगोगो या जोडघंटेचे उंच आणि खालचे स्वर पकड, आणि मग गायकाची प्रत्येक ओळ त्या घंटेच्या कोणत्या ठोक्यावर उचलली जाते ते पाहा. गिटार काढून घेतली तरी ते गाणे उभे राहते. घंटा काढली की ओळ कुठून उचलायची तेच कळेनासे होते. ताशावर तो ताल कितपत बसतो, ते मात्र मला सविस्तर कळव.

तुझा,
मकरंद