एकूण पाने ८

मुंबई, रविवार रात्री

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

परवा मी फोनवर माझ्या केसबद्दल सांगायला लागले आणि बाबा, तुम्ही मध्येच म्हणालात, "हे फोनवर नको." मग तुम्ही पावसाचं विचारलंत, आई लोणच्याचं बोलली आणि आपण फोन ठेवला. त्या रात्री मला झोप आली नाही. बहात्तराव्या वर्षी, स्वतःच्या घरात, पोटच्या मुलीशी बोलताना तुमचा आवाज एकदम खाली गेला, तोच कानात राहिला. म्हणून लिहायला बसले. तुमच्या शिरस्त्याप्रमाणे वरच पानांचा आकडा टाकलाय. पान कमी भरलं तर तुम्हाला कळेल.

हा शिरस्ता तुम्हाला कशामुळे लागला ते मला माहीत आहे. एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आईने डाळ निवडता निवडता सांगितलं होतं. आई, आज ते बोलून टाकते, रागावू नकोस.

१९७६ साल, आणीबाणी चालू. तुम्ही २२ वर्षांचे, पोस्टात नुकते चिकटलेले. एके दिवशी साहेबांनी तुमच्या हातात चिठ्ठी दिली. तिच्यावर चार नावं. या चौघांचं टपाल सॉर्टिंगमधून बाजूला काढायचं आणि खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचं. संध्याकाळी एक माणूस येऊन गठ्ठा घेऊन जायचा, दोन-तीन दिवसांनी आणून द्यायचा. चार नावांतलं एक शाळेतल्या बाईंचं होतं. त्यांच्या यजमानांना मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबायच्या कायद्याखाली, नेलं होतं. तुरुंगातून येणाऱ्या पत्रावर सेन्सॉरचा शिक्का आधीच असायचा, तरी ते पुन्हा उघडलं जायचं. शाळा सुटली की बाई खिडकीशी यायच्या. पत्र ड्रॉवरमध्ये, तुमच्या गुडघ्याजवळ, आणि तुम्ही म्हणायचात, "आज काही नाही, बाई." एकदा असंच परत आलेलं पाकीट तुम्ही त्यांच्या हातात दिलंत. त्यांनी ते उलटंपालटं केलं, डिंकाचा ताजा डाग पाहिला, तुमच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता गेल्या. त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत, असं आजी आईला सांगायची.

बाबा, तुम्हाला माफ करायला मी कोण? नोकरी गेली असती, घरात लहान भावंडं होती, हे मला समजतं. मला फक्त एक विचारायचं आहे आणि ते वकील म्हणून विचारते. त्या चिठ्ठीवर सही कुणाची होती?

माझी खात्री आहे, कुणाचीच नव्हती. आणि तेव्हा लागू असलेला टपाल कायदा १८९८ चा, इंग्रजांचा. त्याच्या २६ व्या कलमातसुद्धा पत्र अडवायचं तर आदेश लेखी हवा, असं स्पष्ट लिहिलं होतं. परक्या सरकारने गुलामांसाठी केलेल्या कायद्यात जेवढी अट होती, तेवढीही त्या ड्रॉवरपाशी कुणी पाळली नाही. तुम्ही विचारलं असतंत तरी उत्तर मिळालं नसतं. पण विचारता येतं, हे कुणी तुम्हाला सांगितलंच नव्हतं. माझं सगळं काम त्या एका प्रश्नाभोवती फिरतं, बाबा. आदेश लेखी आहे का, कारण दिलंय का, मुदत किती, आणि तो तपासणारा कोण.

फोनचंही तसंच आहे. १८८५ च्या तार कायद्यात फोन ऐकायचा अधिकार सरकारला होता, पण सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असेल तरच. शंभर वर्षं त्याला नियम नव्हते. ते आणायला पीयूसीएल ही नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. आणीबाणीत जयप्रकाशजींनी उभ्या केलेल्या या संघटनेच्या मुळाशी आपल्या सासवडचे न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे होते. डिसेंबर १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितलं की घरातून फोनवर केलेलं बोलणं हा माणसाच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आदेश गृह सचिवांचा हवा, तो दोन महिन्यांचा, फार तर सहा महिन्यांपर्यंत, आणि त्यावर पुनर्विलोकन समिती हवी. मला यात एक मोठी त्रुटी दिसते. त्या समितीत सगळे अधिकारीच. अधिकाऱ्याचा आदेश अधिकारीच तपासणार, न्यायाधीश कुठेच नाही. पुढे कायदे बदलले, २०२३ मध्ये दूरसंचाराचा आणि टपालाचा असे दोन्ही कायदे नवे आले, टपाल अडवायची तरतूदही नव्याने आली, पण ही त्रुटी राहिली.

तरीही ती अर्धी भाकरी उपयोगी पडते. ऑक्टोबर २०१९ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाचे फोन ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले. प्रकरण लाचेचं होतं. लाच वाईटच, पण त्याने सार्वजनिक आणीबाणी होत नाही, म्हणून रेकॉर्डिंग नष्ट करा, असा हुकूम झाला. तो निकाल मी पुन्हा पुन्हा वाचते. त्यात तुमच्या ड्रॉवरचं कुलूप उघडलेलं दिसतं मला.

आता आई, तुझं. गल्लीतले विचारतात, तुमची मुलगी अतिरेक्यांच्या केसेस का घेते, आणि तुला तोंड लपवावंसं वाटतं, असं तू म्हणालीस. तुला ११ जुलै २००६ ची संध्याकाळ आठवते ना? पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये ११ मिनिटांत ७ स्फोट झाले. मामाची रोजची गाडी. फोन लागत नव्हते. तू देवासमोर समई लावून बसली होतीस आणि रात्री साडेअकराला मामाचा आवाज ऐकून मटकन खाली बसलीस. मामा वाचला. १८० हून अधिक घरांत तो फोन आलाच नाही. ज्याने ते केलं त्याला कठोर शिक्षा व्हावी, हे मला तुझ्याइतकंच मनापासून वाटतं.

त्या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये १२ जणांना दोषी ठरवलं. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा, लावला होता, आणि मोक्कात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. एरवी साध्या चोरीच्या खटल्यातही तो चालत नाही. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. कबुलीजबाब एकमेकांवरून उतरवल्यासारखे, छळ झाल्याच्या खुणा, ओळखपरेडवर भरवसा ठेवता येईना. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. तीन दिवसांत तिथे एवढं ठरलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, पण सुटलेल्यांना परत आत पाठवायचं नाही. निकाल ऐकायला त्यांच्यातला एक जण उरलाच नव्हता, २०२१ मध्ये तो तुरुंगात कोविडने गेला. १९ वर्षं, आई. मी तेव्हा कॉलेजात होते. आणि ज्या घरांत तो फोन आला नाही त्यांना १९ वर्षांनी काय मिळालं? उच्च न्यायालयाचा निकाल टिकला, तर खरे लोक कोण हे त्यांना आजही कुणी सांगू शकत नाही. चुकीच्या माणसाला आत ठेवलं की बरोबर माणसाचा शोध थांबतो. गल्लीत कुणी विचारलं तर मामाचं नाव घेऊन हे सांग.

माझ्या अशिलाबद्दल फार लिहीत नाही, ते त्याचं आणि माझं. पकडला तेव्हा २४ चा होता, आता २८ चा आहे. यूएपीए, म्हणजे दहशतवादविरोधी कायदा, लावलाय. दोषारोपपत्र काही हजार पानांचं, साक्षीदार शंभरावर, आणि खटला अजून उभा राहिलेला नाही. या कायद्याचं ४३ड कलम, त्याचं पाचवं पोटकलम, डिसेंबर २००८ मध्ये, २६/११ नंतर महिन्याभरात आलं. पोलिसांचे कागद वाचून आरोप वरवर खरा वाटला तरी न्यायाधीशाने जामीन द्यायचा नाही, असं ते सांगतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यापुढे जाऊन म्हटलं की जामिनाच्या वेळी पुराव्याची चिकित्साही करायची नाही. म्हणजे मी उभी राहून सांगते, साहेब, याचा मोबाइल जप्त केला तेव्हा पंचनाम्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे आतल्या मजकुराचा डिजिटल ठसा, नोंदलेली नाही, मधल्या काळात त्यात कुणी काय घातलं कसं कळणार? आणि मला उत्तर मिळतं, ते खटल्यात बघू. खटला कधी? पुढची तारीख. चार वर्षं मी तारखाच आणते आहे. त्याची आई दर तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात डबा घेऊन बसते. आत देता येत नाही, तरी आणते. मी बाहेर आले की विचारते, "काही झालं का, ताई?" आणि मी म्हणते, "आज काही नाही."

बाबा, हे शब्द पहिल्यांदा माझ्या तोंडून निघाले त्या दिवशी मला तुम्ही आठवलात.

आदिवासींसाठी काम करणाऱ्या फादर स्टॅन स्वामींचं तुम्ही टीव्हीवर पाहिलं होतं, त्यांच्यावरही यूएपीएच लावला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये रांचीहून आणलं, तळोजा तुरुंगात ठेवलं. कंपवाताने पेला हातात धरता येईना, म्हणून त्यांनी सिपर आणि स्ट्रॉ मागितला. त्या अर्जावर तारखा पडल्या. ५ जुलै २०२१ ला, वयाच्या ८४ व्या वर्षी ते गेले आणि त्याच दिवशी उच्च न्यायालयात त्यांच्या जामिनाची सुनावणी होती. आरोप खरा की खोटा हे कुठल्याच न्यायालयाने ठरवलं नाही. तुमच्या हातालाही हल्ली कंप आहे. चहाची बशी टेबलावर ठेवूनच ओतता तुम्ही. ते बघते आणि मला तो अर्ज आठवतो.

दार अगदीच बंद आहे असंही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जामीन कायम केला. आरोपी पाच वर्षांहून अधिक आत होता आणि २७६ साक्षीदार तपासायचे बाकी होते. खटला लवकर संपायची चिन्हं नसतील तर यूएपीएचं कलमही घटनेच्या २१ व्या कलमाच्या, म्हणजे जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काच्या, आड येऊ शकत नाही, असं न्यायाधीश म्हणाले. त्याच निकालावर मी पुढच्या मंगळवारी बोलणार आहे.

तुम्ही म्हणाल, सरकारशी कोण भांडणार. बाबा, २८ एप्रिल १९७६ ला, तुम्ही त्या ड्रॉवरशी बसला होतात तेव्हा, दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला की आणीबाणीत बेकायदा अटक झाली तरी कोर्टात दाद मागता येणार नाही. नऊ उच्च न्यायालयांनी उलट सांगितलं होतं, तरीही. पाचांपैकी चार न्यायमूर्ती एका बाजूला. एकटे हंसराज खन्ना विरोधात गेले आणि पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं. त्या चौघांत पुण्याचे यशवंत चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा तो जुना निकाल गंभीर चुकीचा होता असं लिहून रद्द करणारे होते त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड. मधे ४१ वर्षं गेली होती. वडिलांची सही असलेला निकाल मुलाने भर कोर्टात चुकीचा म्हटला. मला त्यात वडिलांचा अपमान दिसत नाही. घरातलं राहून गेलेलं काम घरातल्याने पुरं केलं, असं वाटतं.

तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. भीमा कोरेगावच्या प्रकरणात अटक झालेल्या सुधा भारद्वाज वकीलच होत्या, त्यांनी तीन वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढला. जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळाने जनसुरक्षेच्या नावाचा नवा कायदा मंजूर केला, त्याच्यावर हजारो लोकांनी हरकती-सूचना पाठवल्या होत्या. मला काही होणार नाही, अशी शपथ मी कशाच्या बळावर घेऊ? एवढंच सांगते की माझ्या फाइली चोख आहेत, एकेका पैशाची पावती आहे, मी कोर्टाबाहेर कुणाच्या केसबद्दल बोलत नाही, आणि रात्री मला भीती वाटते तेव्हा मी दिवा लावून निकाल वाचत बसते. सोडून दे म्हणालात तर तुमचं पहिल्यांदाच ऐकणार नाही.

आई, मंगळवारची सुनावणी झाली की शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघते. लोणचं तेव्हाच नेईन, पार्सल करू नकोस. बाबा, त्या बाई अजून तुमच्या आठवणीत आहेत ना? हयात असतील तर नव्वदीच्या आसपास असतील. तुमचं मन असेल तर आपण शोधू. मी बरोबर येईन.

रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालं, तुम्हाला त्याचं वाईट वाटलं होतं. मी हे साध्या टपालानेच टाकते आहे. मिळालं की पाकिटाची मागची बाजू बघा, पानं मोजा आणि मला फोन करा. काय वाटलं ते फोनवरच सांगा, बाबा, तुमच्या नेहमीच्या आवाजात.

तुमची,
नंदू