गावच्या लेकीला, आमच्या बंद पडलेल्या डब्यांबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपण पोळ्याला गावी आलात आणि बैलपोळा व तान्हा पोळा असे दोन्ही दिवस आमच्या नकाशा केंद्राच्या मागच्या खोलीत घालवलेत. तिसऱ्या दिवशी पहाटेच्याच गाडीने आपण नागपूरला निघून गेल्यामुळे आभार तोंडी मानायचे राहून गेले. हे पत्र मी उघडपणे लिहितो आहे, कारण आमच्यासारखी जुनी यंत्रे घेऊन काम करणारी केंद्रे आणखीही असतील आणि आपण केलेली तपासणी त्यांच्याही उपयोगी पडेल. शिवाय, सहा दिवस काम बंद राहिले ते कोणामुळे, याची नोंदही उघडच असावी. ते माझ्यामुळे बंद राहिले.

वाचणाऱ्यांना आमची मांडणी ठाऊक नसेल म्हणून ती आधी सांगतो. केळापूर तालुक्यातले आमचे केंद्र शेततळी, बांधबंदिस्ती आणि नाला खोलीकरण यांची आरेखने संगणकावर तयार करते. केंद्र जिनिंगच्या रस्त्यालगत आहे. कापसाचा हंगाम सुरू झाला की रुईचे तंतू खिडकीच्या जाळीतूनही आत येतात आणि पंखा असलेल्या कोणत्याही संगणकाचे पोट महिनाभरात गच्च भरते; मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की उरलेसुरलेही तापून बंद पडते. म्हणून चार वर्कस्टेशन, म्हणजे जड आरेखने पेलणारे ताकदवान संगणक, मागच्या बंद खोलीत ठेवली आहेत आणि पुढच्या दालनात टेबलांवर फक्त झिरो क्लायंट आहेत, ज्यांना आमची मुले नुसते डबे म्हणतात. या डब्यात ना पंखा, ना हार्ड डिस्क, ना विंडोज. प्रत्येक वर्कस्टेशनमध्ये एक वेगळे कार्ड बसवलेले आहे. ग्राफिक्स कार्डातून निघालेले चित्र आखूड केबलने या कार्डात येते, कार्ड ते दाबून लहान करते आणि स्वतःच्याच नेटवर्क पोर्टमधून पाठवते. डबा ते उलगडून पडद्यावर दाखवतो आणि कीबोर्ड व माऊसच्या हालचाली उलट दिशेने पोचवतो. पीसीओआयपी नावाचे हे तंत्र टेराडिसी या कॅनडातील कंपनीचे; ती कंपनी 2004 मध्ये सुरू झाली आणि 2021 मध्ये एचपीने ती विकत घेतली. आम्ही सारे सामान जुन्या बाजारातून घेतले होते : चार कार्डे आणि सहा डबे.

आता माझा पराक्रम. एका डब्यावर चित्र अधूनमधून अडखळत होते. फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतच भरलेले आणि त्याला चालवणारे सॉफ्टवेअर, जुने झाले असेल असे मी ठरवून टाकले आणि ओळखीच्या एका दुकानदाराने पेनड्राइव्हवर दिलेली नवी फाइल एकापाठोपाठ एक साऱ्या डब्यांवर चढवायला बसलो. चार डब्यांनी ती घेतली, दोघांनी नाकारली. ज्यांनी नाकारली ते बिघडले असावेत असे समजून मी ते बाजूच्या कपाटावर ठेवून दिले आणि नव्या फर्मवेअरचे चार डबे टेबलांवर लावले. एकाही डब्यावर सेशन, म्हणजे डबा आणि कार्ड यांची जोडणी, लागेना. डबा सुरू व्हायचा, कार्डाचा पत्ता शोधायचा, क्षणभर थांबायचा आणि पुन्हा पहिल्या पडद्यावर यायचा. मग मी सारी यंत्रे नेटवर्कने जोडणारा स्विच बदलला, केबल बदलल्या, आणि लॅपटॉपच्या ब्राउझरमधून कार्डांचे व्यवस्थापनाचे पान उघडून पाहिले, तर तेही उघडेना. चारही कार्डे एकदम जळाली असा निष्कर्ष काढून मी नव्या कार्डांचे भाव विचारायला सुरुवातही केली होती.

आपण आलात तेव्हा मी हे सगळे एका दमात सांगितले. आपण शांतपणे ऐकून घेतलेत आणि एकच प्रश्न विचारलात की कपाटावर ठेवलेले ते दोन डबे मी कार्डाला लावून पाहिले का. मी पाहिले नव्हते. बिघडलेला डबा कोण लावून पाहणार? आपण स्वतः स्टुलावर चढून एक डबा खाली काढलात, ओढणीने त्यावरची रुई पुसलीत, पॅच केबल खटकन बसवलीत आणि पहिल्या कार्डाचा पत्ता घातलात. पडद्यावर वर्कस्टेशनचे चित्र आले. मग दुसरे कार्ड, तिसरे, चौथे. दरवेळी चित्र आले. आमचा सर्वांत लहान सहकारी मागून म्हणाला, “ताई, हे तं चालूच आहे ना, मंग बिघडलं काय?” तोच प्रश्न मी सहा दिवसांपूर्वी स्वतःला विचारला असता, तर आपला पोळा वाचला असता.

त्यानंतर आपण फळ्यावर एक साधा तक्ता आखलात, उभ्या रेघेत डबे आणि आडव्या रेघेत कार्डे, आणि प्रत्येक डबा प्रत्येक कार्डाला लावून खूण करायला लावलीत. चोवीस जोड्या झाल्या. जुन्याच फर्मवेअरवर राहिलेल्या, म्हणजे ज्यांनी फाइल नाकारली त्या दोन डब्यांचा रकाना सगळा बरोबरच्या खुणांचा आणि मी सुधारलेल्या चार डब्यांचा रकाना सगळा फुल्यांचा. दोष कार्डाबरोबर फिरत नव्हता, केबलबरोबर फिरत नव्हता, तो माझ्या नव्या फर्मवेअरबरोबर फिरत होता.

त्यामागचे कारण आपण ज्या पद्धतीने उलगडून सांगितलेत ते इथे उतरवून ठेवतो. चित्र पाठवण्यापूर्वी डबा आणि कार्ड एकमेकांशी बोलणी करतात : कोणत्या पद्धतीने ओळख पटवायची, कोणत्या कुलपाने संवाद बंद करायचा, चित्र कसे दाबायचे. दोघांनाही मान्य असा निदान एक पर्याय असेल तरच सेशन लागते. जुन्या फर्मवेअरला जुनीच कुलपे ठाऊक असतात आणि नवे फर्मवेअर त्यांतली काही कुलपे असुरक्षित म्हणून मुद्दाम टाकून देते, त्यामुळे एकच टोक पुढे नेले की मधला समान भाग नाहीसा होऊ शकतो. म्हणूनच डबा आणि कार्ड दोन्हींवर एकाच आवृत्तीचे फर्मवेअर ठेवावे, असे बनवणारेही सांगतात. कार्डांचे पान माझ्या लॅपटॉपवर उघडत नव्हते त्याचेही मूळ याच जातीचे निघाले. ब्राउझरचा संवाद कुलूपबंद करणाऱ्या टीएलएस या पद्धतीची 1.0 ही आवृत्ती 1999 ची. प्रमुख ब्राउझरांनी ती आणि 1.1 या दोन्ही 2020 पासून स्वीकारणे बंद केले, आणि आमची कार्डे त्याहून पुढचे काही बोलतच नव्हती. आपण केंद्रातला जुना, टाकून दिलेला लॅपटॉप मागवलात, त्याला इंटरनेट न देता थेट कार्डाला जोडलात आणि जुन्या ब्राउझरमध्ये ते पान सहज उघडले. मी ज्यांची जवळजवळ तेरावी उरकली होती ती चारही कार्डे ठणठणीत होती.

दोन डब्यांनी फाइल का नाकारली हेही त्याच वेळी कळले. बाहेरून सहाही डबे सारखेच दिसतात, पण दोघांच्या आत टेरा वन ही पहिल्या पिढीची चिप होती आणि चौघांच्या आत टेरा टू. पहिल्या पिढीसाठी चारच्या मालिकेपुढचे फर्मवेअर निघालेच नाही. मी चढवत होतो ती फाइल पाचच्या मालिकेतली होती. म्हणजे त्या डब्यांनी मला नाही म्हटले ते योग्यच केले होते.

संध्याकाळी मला घाई झाली होती. जुळणारी फाइल हाताशी होती, कार्डे सापडली होती, रात्रीतून चारही उरकून टाकू असे माझे म्हणणे होते. आपण ठाम नकार दिलात. पावसाचे दिवस, लाइन केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि फर्मवेअर चढत असताना वीज गेली तर आज नुसते न बोलणारे कार्ड उद्या खरोखरच निकामी होईल, असे आपण म्हणालात आणि बॅटरी पूर्ण भरेपर्यंत कशालाही हात लावू दिला नाहीत. रात्री साडेनऊला लाइन गेली ती पहाटे आली. त्या अंधारात बसून मला जे वाटले ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गल्लीत मुले लाकडी बैल सजवून निघाली होती आणि आपण एकच कार्ड निवडून त्यावर डब्याच्या आवृत्तीशी जुळणारे फर्मवेअर चढवलेत. फाइल गेली तरी वर्कस्टेशन बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय कार्ड नव्या फर्मवेअरवर येत नाही, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. मी असतो तर तिथेच फसले म्हणून पुन्हा फाइल चढवत बसलो असतो. सेशन लागल्यावर आपण लगेच पुढच्या कार्डाकडे गेला नाहीत. केंद्रात काम करणाऱ्या मुलीला सर्वांत जड आरेखन उघडायला सांगितलेत, दोन पडदे लावायला सांगितलेत, पेनचा टॅब्लेट जोडून समोच्च रेषा काढायला लावल्यात आणि दुपारपर्यंत तिला तसेच काम करू दिलेत. ते टिकले तेव्हाच दुसरे कार्ड आणि मग तिसरे.

चौथ्या कार्डाबाबत आपण घेतलेला निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो. ते आपण मुद्दाम जुन्याच फर्मवेअरवर ठेवलेत, कारण पहिल्या पिढीच्या डब्यांना जोडीदार तेवढाच उरत होता आणि चालणारी वस्तू निव्वळ जुनी म्हणून टाकून देण्याइतके आमचे केंद्र श्रीमंत नाही. ती जोडी वेगळ्या स्विचवर घेऊन इंटरनेटपासून तोडलीत. अशा रीतीने तीन नव्या जोड्या, एक जुनी जोडी आणि दोन्ही पिढ्यांचा एकेक डबा राखीव, एवढे सामान नवा एकही रुपया न घालता पुन्हा कामाला लागले. ज्या कार्डांचे भाव मी विचारत होतो ती घेतली असती तर वर्षभराची शिल्लक गेली असती. आपण मात्र आईच्या हातच्या पुरणपोळीखेरीज काही घेतले नाहीत, आणि तीही गार झाल्यावर.

आपण सांगितल्याप्रमाणे वही घातली आहे. डाव्या पानावर डब्याचा क्रमांक, चिप, आवृत्तीच्या पानावर दिसणारा फर्मवेअरचा क्रमांक आणि तारीख. उजव्या पानावर त्याच्यासमोर कार्डाची तीच माहिती. दोन्ही पाने भरल्याशिवाय कोणीही पेनड्राइव्ह लावायचा नाही, हा नियम पहिल्यांदा मलाच लागू झाला आहे. जुन्या आणि नव्या फायली नावे घालून वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवल्या आहेत आणि तो जुना लॅपटॉप आता कपाटात कुलपात असतो. ज्या डब्यावर चित्र अडखळत होते तिथे दोष निव्वळ स्विचच्या एका पोर्टचा निघाला, हे आपण गेल्यानंतर लक्षात आले. लिहायला लाज वाटते, पण लिहिले.

जाता जाता आपल्या मुलाचा लाकडी बैल आपण चौथ्या वर्कस्टेशनवर ठेवलात आणि मुलांना बजावलेत की हा बैल इथे उभा आहे तोवर या यंत्राचे फर्मवेअर कोणी बदलायचे नाही. तो अजून तिथेच आहे. मुलाने मागितला तर कळवावे, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवून देईन आणि त्या जागी दुसरा उभा करीन.

आपला कृतज्ञ,
नकाशा केंद्राचे काम पाहणारा,
केळापूर तालुका, जि. यवतमाळ