सूचना: अर्धवेळ एमबीएच्या अर्जाची तयारी

सर्व सभासदांना नमस्कार.

नोकरी सांभाळून एमबीए करणाऱ्यांनी निबंधाला हात घालण्याआधी कागदपत्रांच्या मागे लागावे. विद्यापीठाकडून अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट (सर्व सत्रांच्या गुणांचा एकत्रित दाखला) मिळायला वेळ लागतो. सर्व सत्रांच्या गुणपत्रिका स्कॅन करून ठेवा; एटीकेटी, म्हणजे मागे राहिलेला विषय, सुटल्याची गुणपत्रिकाही हवी, अनेकांचा अर्ज तिथेच अडकतो.

जीमॅट या एमबीए प्रवेश परीक्षेचे गुण 5 वर्षे ग्राह्य असतात. नोंदणीतले नाव पासपोर्टशी तंतोतंत जुळायला हवे. आपल्याकडे मधे वडिलांचे नाव येते, म्हणून नोंदणी करतानाच पासपोर्ट समोर ठेवा.

शिफारसपत्र रोज तुमचे काम पाहणाऱ्या वरिष्ठांकडूनच घ्या. मोठ्या पदावरच्या, पण तुम्हाला जेमतेम ओळखणाऱ्या साहेबांचे पत्र गुळमुळीत होते आणि ते वाचणाऱ्याला लगेच कळते. महिनाभर आधी विनंती करा, सोबत दोन-तीन कामांचा आकड्यांसह तपशील द्या.

निबंधात पूर्णवेळ सोडून अर्धवेळच का, हे ठामपणे लिहा. हिंजवडीची नोकरी, शनिवार-रविवारचे वर्ग आणि घर यांचा मेळ कसा घालणार, तेही सांगा.

कंपनी फी देणार असेल, तर बाँडची (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची) अट एचआरकडून लेखी घ्या.