थेट दुसरे वर्ष

हिल्सबरो, ओरेगन

प्रिय वैजू,

सप्रेम नमस्कार. तुझ्या दोन पत्रांची उत्तरे माझ्याकडे थकली आहेत. त्याबद्दल जे बोलायचे ते तू मनातल्या मनात बोलून घेतले असशीलच, म्हणून मी सरळ कामाचे लिहिते. आम्ही सर्व बरे आहोत, माझा खांदा आहे तसाच आहे. इथल्या कम्युनिटी कॉलेजात माझे इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीचे दुसरे वर्ष संपत आले असून, गेल्या आठवड्यात सल्लागार बाईंनी जे सांगितले ते ऐकून घरी पोहोचेपर्यंत मला सारखी तूच आठवत होतीस.

त्यांचे म्हणणे असे की, ही दोन वर्षांची असोसिएट पदवी टेक्निशियनच्या नोकरीला उत्तम आहे आणि ती घेऊन इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीच्या चार वर्षांच्या पदवीत पुढे जाता येईल. परंतु मला नुसते इंजिनिअरिंग करायचे असेल, तर माझ्या झालेल्या विषयांचे फारच थोडे क्रेडिट धरले जातील आणि जवळजवळ मुळापासून सुरुवात करावी लागेल. आपल्याकडे डिप्लोमा झाला की डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, त्यामुळे ही एकाच जिन्याची पायरी असणार असे मी गृहीत धरले होते. इथे दोन जिनेच वेगळे आहेत. अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या अ‍ॅबेट या संस्थेतसुद्धा इंजिनिअरिंगचा आयोग निराळा आणि टेक्नॉलॉजीचा निराळा. इंजिनिअरिंगवाल्यांची सुरुवात कॅल्क्युलसपासून होते. आमची सर्किट्स बरीचशी बीजगणित आणि त्रिकोणमितीवर भागतात आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेत जातो.

तू सांगलीच्या वालचंद कॉलेजला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेलीस आणि मी मिरजेचा डिप्लोमा घेऊन थांबले, तेव्हा विश्रामबागच्या स्टॉपवर आपण काय काय बोललो ते मी इथे लिहीत नाही. तू मला भित्री म्हणाली होतीस, एवढेच आठवण म्हणून नोंदवते. बाबांच्या त्या अडचणीच्या वर्षी फी कुठून येणार होती, हे तुला माहीत असूनही तू तसे म्हणालीस, हे माझे मत अजून कायम आहे. परंतु आता फी हे कारण सांगता येणार नाही आणि फाटा मात्र तोच पुढे आला आहे.

तुला एक प्रसंग सांगते, म्हणजे माझा तिढा कळेल. परवा प्रयोगाला इन्व्हर्टिंग अ‍ॅम्प्लिफायर (सिग्नलची लाट उलटवून मोठी करणारे सर्किट) होता आणि त्यात आपलाच ७४१. १९६८ साली बाजारात आलेला तो आयसी मिरजेहून इथपर्यंत माझ्या मागे आला आहे. माझा जोडीदार नौदलातून आलेला तिशीचा मुलगा. इनपुटला एक किलोओम, फीडबॅकला दहा, म्हणजे गेन दहा, लाट दहापट मोठी यायला हवी. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर मात्र आउटपुटची लाट इनपुटएवढीच दिसत होती. त्याने आयसी बदलला, रेझिस्टर बदलले, ब्रेडबोर्डवरची जागाही बदलली. मी त्याच्या हातातला, स्कोपला जोडलेला मोजणीचा प्रोब पाहिला, तर त्याच्या दांड्यावरचे बारीक सरकते बटण दहापटीवर होते आणि स्कोपचा चॅनेल एकपटीवर, त्यामुळे व्होल्टेज दहा हिश्श्यांनी कमी दिसत होते. बटण सरकवताच लाट उंच झाली आणि तो मुलगा मला ‘मॅम’ म्हणू लागला. वैजू, मला हेच काम आवडते. मग इंजिनिअर या नावाचा मोह अजून का सुटत नाही?

सासूबाईंनी तर ‘सून अमेरिकेत इंजिनिअरिंग करते’ असे साऱ्या गल्लीला सांगून टाकले आहे. टेक्नॉलॉजी हा शब्द वाटेत कुठे गळाला, ते त्यांनाच ठाऊक. हे म्हणतात, नोकरी धर. पण यांच्या नोकरीमुळे मला मिळालेल्या एच-फोर व्हिसावर शिकायला मोकळीक असली, तरी नोकरीला वर्क परमिट लागते आणि ते यांच्या ग्रीन कार्डच्या कागदांवर अवलंबून असते. शिवाय इथली चिप कारखान्यांची हवाही पूर्वीची राहिलेली नाही. इंटेलने २०२४ च्या ऑगस्टमध्ये १५ टक्क्यांहून अधिक माणसे कमी करण्याचे जाहीर केल्यापासून, बारा-बारा तासांच्या पाळीला नाके मुरडणारेसुद्धा पाळी मिळावी म्हणून धडपडत आहेत. टेक्नॉलॉजीची पदवी घेतली तर आणखी दोन वर्षे, आणि इंजिनिअरिंग घेतले तर डिफरन्शिअल इक्वेशन्स सोडवता सोडवता पन्नाशी उलटेल आणि तोवर हातात प्रोबही येणार नाही. माझा कल मधल्या वाटेकडे, म्हणजे टेक्नॉलॉजीच्या पदवीकडे आहे. परंतु ती मला आवडते म्हणून, की मी पुन्हा थांबते आहे म्हणून, एवढेच मला तुझ्याकडून ऐकायचे आहे, कारण त्या वेळी माझ्या तोंडावर बोलणारी तू एकटीच होतीस.

चिन्मयचा निकाल काय लागला? घराचे प्लॅस्टर झाले का? मामींना माझा नमस्कार सांग आणि त्यांना पत्र वाचून दाखवू नकोस.

एक काम आहे. तंत्रनिकेतनात जाऊन आपल्या वेळचा अभ्यासक्रम, विषयवार तासांसह, शिक्का मारून मिळतो का ते पाहा; मधली वाट धरली तरी जुन्या डिप्लोम्याचे मूल्यमापन करून घ्यावे लागेल आणि त्यासाठी तो कागद उपयोगी पडेल. आणि उत्तरात ‘तुझे तू ठरव’ असे लिहिणार असशील, तर टपालखर्च वाचव.

तुझी,
मंजू