आई-बाबा, राजीनामा दिलाय

प्रिय आई, बाबा,

फोनवर सांगायला गेले की आई रडणार आणि माझं निम्मं बोलणं तसंच राहणार, म्हणून लिहितेय. पूर्ण वाचा, मधेच फोन लावू नका. हॉस्पिटलचा राजीनामा मी मागच्या महिन्यातच दिलाय आणि सोमवारपासून तपासणीच्या गाडीवर जातेय, एचआयव्हीची टेस्ट आणि गोळ्या लांबच्या वस्त्यांपर्यंत नेणारी गाडी. तुम्हाला न विचारता ठरवलं याचं वाईट वाटतंय, खरंच वाटतंय. पण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात आणि मग तुमचा शब्द मोडून जावं लागलं असतं, ते मला झेपलं नसतं.

आधी तुमच्या काळजीचं बोलते. राहायला खोली आहे, आम्ही दोघीजणी आहोत, दाराला आतून चांगली कडी आहे, बाथरूम आतच आहे, गरम पाणी येतं. लाईट जाते पण मी चार्जिंगचा दिवा घेतलाय, जाड पांघरूण घेतलंय, तुझी जुनी शाल पण आणलीय आई, शोधत बसू नकोस. गाडी अंधार पडायच्या आत परत येते. खोलीत रेंज नाही, गच्चीवर येते, तर रोज नऊला गच्चीवरून फोन करीन आणि एखाद्या दिवशी नाही आला तर पाऊस असेल एवढंच समजायचं.

आणि सुईचं, जे तू मला नाही पण मावशीला बोलशील. बोटाला टोचायची सुई एकदाच वापरायची असते, टोचली की आपोआप आत जाते. हातमोजे असतात. समजा लागण असलेल्याच्या रक्ताची सुई टोचलीच तरी हजारात तीन जणांच्या आसपास धोका असतो, आणि ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू करून २८ दिवस घेतल्या की तोही खूप कमी होतो. शेजारी बसून, एकाच भांड्यातलं पाणी पिऊन, डास चावून हे होत नाही, हे आता तुम्हाला माहितीय. तेव्हा माहीत नव्हतं.

काकाच्या एचआयव्हीचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं पण त्याच्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. मी तिसरीत होते, मागच्या खोलीच्या खिडकीखाली बसून त्याला पाढे म्हणून दाखवायचे आणि तो आतून चुका काढायचा. मला आत का जाऊ देत नाही असं मी रोज विचारायचे आणि आई, तू माझे केस विंचरत गप्प राहायचीस. बाबा, तुम्ही त्याला पहाटेच्या गाडीने घेऊन जायचात आणि रात्री परत. तिथे हॉस्पिटलात काय सांगायचे तर रक्तातल्या आजाराशी लढणाऱ्या पेशी अजून पुरेशा कमी नाहीत, २०० च्या खाली आल्या की गोळ्या सुरू करू. तेव्हा नियमच तसा होता, बऱ्याच देशांत तसाच होता. तिसऱ्या खेपेनंतर तो म्हणाला आता जायचं नाही आणि तुम्ही त्याचं ऐकलंत, आणि इतकी वर्षं स्वतःला बोल लावत बसलात, मला कळतं बाबा. तुमची चूक नव्हती. निरोगी वाटणाऱ्या माणसाला आजारी पडेपर्यंत थांब म्हणायचं आणि त्यासाठी दर खेपेला दिवसभराचा प्रवास, कोण जाईल?

२०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की पेशी कितीही असोत, लागण आहे ना, मग गोळ्या सुरू करा. आता तर जमलं तर त्याच दिवशी सुरू करतात. बहुतेकांना रोज एक गोळी, तिच्यातच तीन औषधं. ती नीट चालू राहिली आणि रक्तात विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला की नवऱ्याकडून बायकोला किंवा बायकोकडून नवऱ्याला शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे मोठ्या अभ्यासांत दिसलंय. आईला लागण असेल आणि काहीच उपचार नसतील तर १०० बाळांतल्या १५ ते ४५ जणांना होते, गोळ्या वेळेवर मिळाल्या तर ५ पेक्षा कमी.

म्हणजे गोळी आहे, फक्त लांब आहे. आमच्या हॉस्पिटलात एक बाई यायची, तिला दर खेपेला दिवसाची मजुरी बुडवायला लागायची, आणि एक दिवस रांगेत तिच्या वस्तीतलीच कोणीतरी दिसली. त्यानंतर ती आलीच नाही. मी फोन लावत राहिले, मग तो नंबरच बंद. लहान गावात नर्सही कोणाची तरी नणंद असते, म्हणून लोक जवळचं केंद्र सोडून उलट लांबच्याला जातात, नाहीतर जातच नाहीत.

म्हणून आमच्या गाडीत बीपी, शुगर, गरोदर बायकांची तपासणी सगळं एकत्र, कोण कशाला आलंय कोणाला कळत नाही. वीसेक मिनिटांत रिझल्ट, आणि एका किटवर कधीच ठरवत नाही, वेगवेगळ्या किटवर परत बघितल्याशिवाय कोणाला लागण आहे असं सांगायचं नाही. तब्येत स्थिर असेल त्याला तीन किंवा सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम. रक्ताचे थेंब कागदावर वाळवून पाठवता येतात, बर्फाची पेटी लागत नाही.

आई, तू म्हणशील लोकांना सांग शुगर-बीपीचं काम आहे म्हणून. तुझा जीव कुठे अडकतो ते मला कळतं, तुला विचारणारी तोंडं मला ऐकावी लागत नाहीत. तुला जड जात असेल तर तसंच सांग, मी रागावणार नाही. पण कोणी मला विचारलं तर मी खरं सांगणार, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

आता ऐका. बाबा, बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही, डबीत वारांप्रमाणे भरून ठेवलीय, मी फोनवर डबी दाखवायला सांगणार आहे. आई, गुडघ्यांचा व्यायाम दोन्ही वेळेला, आणि गच्चीवर कपडे घेऊन चढायचं नाही, बाबांना पाठव. फोन चार्ज करून ठेवा.

आणि एक, हे हळूच सांग. काकूने आजपर्यंत टेस्ट केलेली नाही, मला माहितीय. इतकी वर्षं ती भीती उराशी धरून बसलीय आणि कदाचित काहीच नसेल. बोट टोचायला ती घाबरते ना, तर हिरडीवरून फिरवायची पट्टी असते, स्वतःची स्वतः करता येते. पुढच्या महिन्यात मी चार दिवस येतेय तेव्हा घेऊन येते. काही निघालं तर पुढच्या टेस्टला मीच तिला घेऊन जाईन. मागच्या खोलीत बसू, दार लावून, मी तिच्याजवळ बसते. तिला नको असेल तर विषय संपला, पण तू एकदा विचार.

तुमची,
मनू