अक्का, लिहिण्याआधी विचारलंत

अक्का, नमस्कार.

तुमचं नाव कुठं घालायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून घालत नाही. बेळगावात टिळकवाडीत गणित शिकवून रिटायर झालेल्या अक्का काही एकट्या तुम्हीच नाही, त्यामुळं ओळखणारे ओळखतील, बाकीच्यांनी नुसतं वाचावं. खरं, पत्र मात्र मी मुद्दाम उघड लिहितोय. माझ्याबद्दल चुकीचं जे छापून आलं ते चारचौघांत आलं. मग नीट वागलं कोण, तेही चारचौघांतच सांगायला पाहिजे.

मी इथल्याच उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत पॅटर्न मेकर, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने करणारा. आयटीआय झालेला. पोरगी पुण्याला नोकरीला आहे. तिनं कुठून तरी मेन्सा या बुद्धिमान लोकांच्या संस्थेच्या परीक्षेची माहिती काढली आणि मला नेऊन बसवलं. का, तर घरात कुठलंही कोडं आलं की पप्पा चहा संपायच्या आत सोडवतात. परीक्षा सगळी आकृत्यांची. रेव्हन नावाच्या इंग्रज मानसशास्त्रज्ञानं १९३८ साली असली चाचणी काढली, हे मला नंतर तुमच्याकडून कळलं. चौकटीतली एक जागा रिकामी, तिथं काय बसेल ते ओळखायचं. वाचायला शब्द नाहीत. मराठी नाही, कन्नड नाही, इंग्रजी नाही. बेळगावच्या माणसाला असली परीक्षा म्हणजे सुटीच की! पास झालो. वरच्या दोन टक्क्यांत आलो म्हणाले.

पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. पोरीनं हौसेनं फोटो टाकला. तो उचलून एका पेपरनं, कागदच म्हणायचा तो, बातमी छापली. मला फोन नाही, घरी कुणी आलं नाही. बातमीत मी ‘अडाणी हमाल’ झालो होतो. लाकडात पाव मिलीमीटरचा फरक बोटानं सांगणारा माणूस हमाल कसा झाला देव जाणे. हमालाला मी कमी लेखत नाही, खरं मी तो नाही. कारखान्यात दुसऱ्या दिवसापासून ‘काय साहेब, हिशेब चुकला काय’ सुरू झालं. पाहुणे फोन करून विचारायचे, सरकार याचे पैसे किती देतं? मी हसून घालवलं. आमच्या आईला मात्र हसता आलं नाही. निपाणीत विड्या वळून तिनं मला आयटीआयला घातलं. शेजारणीनं तिला ती बातमी वाचून दाखवली, आणि त्यातला एकच शब्द तिच्या कानात राहिला. ‘अडाणी कसा? मी फी भरली नव्हती काय?’ एवढंच म्हणाली आणि दोन दिवस त्या शेजारणीशी बोलली नाही. शेजारणीचा काय दोष म्हणा.

त्या कागदाला मी पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. त्याच सुमारास पुण्यामुंबईकडच्या कोडी सोडवणाऱ्यांच्या कुठल्याशा गटात मी विचारणा केली होती. त्यातल्या एका गृहस्थांनी फार गोड आवाजात विचारलं, आमचं सगळं इंग्रजीत चालतं, तुम्हाला जमेल ना? जमलं असतं. खरं त्या ‘ना’नंतर जायची इच्छा राहिली नाही.

आणि मग तुमचा फोन. पहिलं वाक्य मराठीत, दुसरं कन्नडमध्ये, तिसरं ‘रविवारी जेवायलाच या’. सीमाभागात पाच-सहा सभासद आहेत, अधूनमधून माझ्याकडे जमतात, काम काही नसतं, असं म्हणालात. पत्ता सांगितलात आणि रस्त्यात पाणी साचतं, गाडी कोपऱ्यावर लावा, हेही सांगितलंत.

त्या रविवारचं काय सांगू? हुशार लोकांची बैठक म्हणजे सगळे गंभीर तोंडानं बसलेले असतील अशी माझी कल्पना. इथं निपाणीचे डॉक्टर कुंद्याच्या बशीवरून धारवाडच्या पोराशी भांडत होते. खानापूरची ती बारक्या वेणीची मुलगी बारा नाण्यांचं कोडं घेऊन बसली होती. बारातलं एक नाणं खोटं, जड की हलकं ते ठाऊक नाही, तराजू तीनदाच वापरायचा. कोल्हापूरच्या वहिनी तिला मुद्दाम चुकीच्या वाटेला लावत होत्या. भाषा कुठली चालली होती, कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एकाच वाक्यात तीन. पुढची भेट कधी ठेवायची हे निघालं तेव्हा डॉक्टर १ नोव्हेंबर म्हणाले. तुम्ही म्हणालात, त्या दिवशी नको, एकीकडं कन्नड लोकांचा राज्योत्सव, एकीकडं मराठी लोकांचा काळा दिवस, रस्ते बंद असतात आणि डोकीही. सगळे हसले. दोन्ही बाजूंचे हसले, हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

धारवाडच्या पोरानं त्या दिवशी संस्थेचा इतिहास सांगितला, तोही मला लई आवडला. १९४६ साली ऑक्सफर्डला रोलंड बेरिल आणि लान्सलॉट वेअर या दोघांनी मेन्सा काढली. अट एकच, बुद्धीच्या चाचणीत वरचे दोन टक्के. धर्म, वंश, राजकारण काही बघायचं नाही. बेरिलच्या मनात बुद्धिमंतांचं उमराव मंडळ होतं. खरं चाचणी लावून माणसं गोळा केली तर बरीचशी साध्या, कष्टकरी घरांतली निघाली, आणि साहेब नाराज झाले! वेअरची नाराजी वेगळी होती, सभासद कोडी सोडवण्यातच फार वेळ घालवतात म्हणून. यावर तुम्ही खानापूरच्या मुलीकडं बघून म्हणालात, ‘ऐक गं, वेअरसाहेब काय म्हणतात.’ तिनं मान वर केली नाही. नाणी मोजत होती.

आणि तुमचा तो हिशेब. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहराची वस्ती सुमारे ४ लाख ८८ हजार. दोन टक्के धरले तर साडेनऊ हजारांच्या वर माणसं निघतात. ‘आपण इथं बसलोय सहाजण,’ तुम्ही म्हणालात, ‘बाकीचे रविवार पेठेत तराजू धरून बसलेत, रिक्षा चालवतायत, कुणी भाकरी थापतंय. त्यांनी परीक्षा दिली नाही एवढाच फरक. म्हणून आपण फार फुगायचं नाही.’ गणिताच्या बाई असं बोलतात तेव्हा पटतं. नुसता उपदेश असता तर मी कुंद्याकडं लक्ष दिलं असतं.

मग मला विचारलंत, दिवसभर करता काय? मला वाटलं आपलं विचारायचं म्हणून विचारलं. खरं तुम्ही वही घेऊन बसलात. मी सांगत गेलो. ओतीव लोखंड थंड होताना आवळतं, म्हणून लाकडाचा पॅटर्न मुळातच मोठा करावा लागतो. त्यासाठी आमची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचे सेंटिमीटर मुद्दाम थोडे लांब. ओतीव लोखंडाची पट्टी वेगळी, पोलादाची वेगळी, कारण पोलाद जवळजवळ दुप्पट आवळतं. पॅटर्नच्या उभ्या बाजूंना किंचित उतार ठेवायचा, नाहीतर वाळूतून काढताना कड ढासळते. आणि व्हॉल्व्हच्या आतली पोकळी हवी असेल तर त्या पोकळीचाच वाळूचा ठोकळा करायचा, त्याला कोअर म्हणतात. तो ठोकळा करायला पुन्हा एक लाकडी पेटी. म्हणजे जे भरीव दिसणार ते आधी पोकळ बघायचं, जे पोकळ राहणार ते भरीव बघायचं, आणि सगळं उलटं डोक्यात धरून रंधा मारायचा. डॉक्टर म्हणाले, हे तर तुमच्या त्या परीक्षेपेक्षा अवघड. मी म्हटलं, परीक्षेत चुकलं तर ओतकाम भंगारात जात नाही. पहिल्यांदाच कुणी माझ्या कामाबद्दल दुसरा प्रश्न विचारला, मग तिसराही विचारला.

इथपर्यंतसुद्धा झालं असतं तरी मी तुमचे आभार मानलेच असते. खरं पत्र लिहावं असं वाटलं ते पुढच्या गोष्टीमुळं.

गुरुवारी संध्याकाळी तुमचा फोन आला. म्हणालात, सभासदांसाठी दोन पानांचं बातमीपत्र काढते, भेटीची हकीकत घातलीय, त्यात तुमच्याबद्दल सहा ओळी आहेत, वाचून दाखवू? मी मशिनपाशी होतो, बाहेर आलो. तुम्ही सावकाश वाचलंत. डॉक्टरांच्या नावापुढं त्यांचा धंदा तसा माझ्या नावापुढं माझा, ‘पॅटर्न मेकर’. मार्क कुणाचेच नाहीत. तुम्ही वाचत होता, लोखंड दर मीटरला एक मिलीमीटर आवळतं. मी म्हटलं, अक्का, एक नाही, दहा. तुम्ही म्हणालात, ‘थांबा हं, खोडते.’ कागदावर पेन चाललेलं मला ऐकू आलं. मग ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचलीत. आणि विचारलंत, ‘अजून काही खटकतंय? कारखान्याचं नाव घालू की नको?’ नको म्हटलं. मालकाचा स्वभाव मला माहीत. तुम्ही कारण विचारलं नाही, ‘बरं, काढलं’ म्हणालात.

दोन-तीन मिनिटांचा फोन. तुमच्या लक्षातही नसेल. खरं माणसाबद्दल चार ओळी लिहायच्या तर आधी त्याला वाचून दाखवायच्या, तो चूक सांगेल तिथं खोडायचं आणि त्याला राग आला का ते न बघता पुन्हा वाचायचं, असं माझ्या बाबतीत आजवर कुणी केलं नव्हतं. रेशनकार्डावर वय चुकलंय, मतदार यादीत वडिलांचं नाव चुकलंय, दुरुस्तीला गेलं की आपणच गुन्हेगार. आणि तो कागद! त्यांच्याकडं छापखाना आहे, माणसं आहेत, फोन आहे. तुमच्याकडं एक वही आणि पेन. एका फोनचे पैसे किती लागतात हो?

तसं बघितलं तर आमच्या अख्ख्या भागाचंच हे आहे. १९५६ साली भाषावार राज्यं झाली तेव्हापासून आमच्याबद्दल मुंबईत बोलतात, बेंगळुरात बोलतात, २००४ पासून दिल्लीत सुप्रीम कोर्टात खटला आहे. आयोग आला, अहवाल आला, शहराचं नाव २०१४ साली बदललं. इथल्या माणसाला, तो कुठल्याही भाषेचा असो, खुर्चीवर बसवून ‘बाबा, तुझ्याबद्दल हे लिहिलंय, बरोबर आहे काय?’ असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मी राजकारणातला माणूस नाही आणि तुमच्या घरी त्या विषयावर कोण कुठल्या बाजूचं हे मला चांगलं ठाऊक आहे. तुम्ही तुमच्या बाजूच्या, मी माझ्या. खरं मी सांगितलेला आकडा तुम्ही मी सांगितला तसा लिहिलात. सभ्य माणूस म्हणजे काय याची माझी व्याख्या हल्ली एवढ्यावर आलीय. हुशारी दोन टक्क्यांत असेल, सभ्यतेला टक्केवारी नको, ती कुणालाही जमते. म्हणूनच न जमणाऱ्यांचा जास्त राग येतो.

बातमीपत्राची छापील प्रत तुम्ही पोस्टानं पाठवलीत, ती मी आईला वाचून दाखवली. शेजारणीला पण बोलावलं होतं, आईनंच बोलावलं. आई सगळं ऐकून म्हणाली, ‘दहा मिलीमीटर म्हणजे किती रे?’ मी बोट दाखवलं. ‘एवढंच?’ म्हणाली. तिला वाटलं होतं मी काहीतरी मोठं काम करतो. पोरीला फोनवर सांगितलं तर ती हसून हसून दमली.

तर अक्का, मनापासून आभार. तुमच्या मिस्टरांचेही, त्या रविवारी आम्ही बसलो होतो तोवर त्यांनी दोनदा चहा केला आणि एकदाही ‘तुमचं चालू द्या’ म्हणून आत गेले नाहीत.

पुढच्या भेटीला मी एक जुनी कोअरची पेटी घेऊन येतो. सागवानी आहे, कारखान्यात टाकून दिलेली, आता सगळं कॉम्प्युटरवर होतं. खानापूरच्या मुलीला ती उघडून दाखवायची नाही. आधी आतला आकार कागदावर काढ म्हणायचं, मग उघडायची. थोडी वाळू पण आणेन, तुमच्या व्हरांड्यात सांडेल, आधीच सांगून ठेवतो. आणि डॉक्टरांना निरोप द्या, बारा नाण्यांचं त्यांनी सांगितलेलं उत्तर चुकलंय. पहिल्या वजनात सहा-सहा ठेवली तर पुढं दोन वजनांत निकाल लागत नाही, चार-चारच ठेवायला पाहिजेत. त्यांना पटलं नाही तर तराजू मी आणतो.

तुमचा,
उद्यमबागेतला पॅटर्न मेकर